वाईट दानाचा चिंचोका

लालबाग
रविवार, ९ ऑगस्ट २०१५

आज मेधाच्या मित्रांत एक गडी कमी होता, म्हणून मला खेळायला बसवलं. गोष्टीचा खेळ. मेधा गोष्ट सांगते, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि ठरवलेलं साधलं की फसलं ते फासा सांगतो. मी नावाडी झालो. फासा टाकला, तर एक. त्याहून वाईट दान नाही.

"काका, सगळ्यांना बुडवलंत की!" समीर ओरडला. आणि मेधाने माझ्या हातावर चिंचोका ठेवला. हा घरचा नियम, तिनेच केलेला. वाईट दान पडलं की चिंचोका मिळतो, तो देऊन पुढे एकदा फासा परत टाकता येतो.

मी म्हटलं, "चुकल्याचं बक्षीस? आमच्या गावच्या शाळेत छडी मिळायची."

"बाबा, काहीच नाही दिलं तर बुडालेला माणूस पुढच्या रविवारी येतच नाही."

तेव्हापासून मनात तेच. चिंचोका वापरायचा राहिला, खिशातच आहे. गिरण्यांचा संप फसल्यावर माझे वडील, आबा, गावी आले, ते परत मुंबईला फिरकले नाहीत. त्यांच्या हातावर कुणी काय ठेवलं? आणि मेधा? सीएला दुसऱ्यांदा नापास झाली, आता बसणारच नाही म्हणते. इतरांसाठी नियम करते, स्वतःसाठी का नाही? विचारणार होतो. धीर झाला नाही.

देवापुढे दिवा लावताना रोज तिचं पास होणं मागतो. आज ते तोंडातून निघालं नाही. पोरीला परत बसावंसं वाटू दे, एवढंच म्हटलं.