शाफ्टवरचा ओरखडा

५ जानेवारी, सोमवार
सासऱ्यांचं वाफेचं इंजिन घरी आलं. टेबलावर मावेल एवढं, पण खरंखुरं. फिटर होते तेव्हा स्वतःच्या हातांनी केलेलं. आता हात थरथरतात, नजरही अधू. म्हणाले, रविवारी येतो, चालवून दाखवा. चाललं तर इथेच राहील, नाहीतर धाकट्या जावयांना देतो. म्हणजे माझ्या साडूंना! ज्यांना टॉर्चमधले सेल उलट की सुलट ते कळत नाही!
तसं ते चालतंच आहे. पण चालणं वेगळं, डौलात चालणं वेगळं. निश्चय: पूर्ण खोलून साफ करणे.

६ जानेवारी, मंगळवार
खोललं. मळ म्हणजे किती! शाफ्टवर एक ओरखडाही होता. बारीक, पण सरळ. बिचाऱ्यांची कानस घसरली असणार. पॉलिश पेपरने तासभर घासून काढला. शाफ्टमध्ये आता तोंड दिसतं. सासऱ्यांना सांगणार नाही, उगाच ओशाळतील.

७ जानेवारी, बुधवार
जोडलं. वाफेऐवजी सायकलच्या पंपाने हवा दिली. इंजिनाने एक उचकी दिली आणि गप्प.
दोष उघड आहे, व्हॉल्व्हची वेळ. पिस्टन टोकाला पोचला की व्हॉल्व्हने वाफेची वाट केसभर उघडायची, बस. ते सगळं शाफ्टवरच्या एका चकतीच्या हातात. ती नेमक्या जागी फिरवून स्क्रू आवळायचा. दहा मिनिटांचं काम. उद्या.

८ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ
दहा मिनिटांच्या कामासाठी हाफ डे गेला. चकती अकरा जागी बसवून पाहिली. अकराही चुकीच्या. म्हणजे बरोबर जागा आता जवळ आली.
बायको म्हणाली, बाबांनी कुठेतरी खूण केली असेल, ते कुकरच्या झाकणावरसुद्धा करतात. म्हटलं, इंजिन म्हणजे कुकर नव्हे. आणि खूण असती तर मला दिसली नसती? इंच न् इंच घासलाय मी.

९ जानेवारी, शुक्रवार
चाललं!!
उलटं चाललं. हे बायकोने काढलेलं खुसपट. पंप तीच मारत होती. तिला समजावलं, उलटसुलट हे बघणाऱ्यावर असतं, टेबलाच्या पलीकडून बघ. तिकडून अगदी बरोबर दिसत होतं. ती पंप ठेवून निघून गेली.
रविवारी सासऱ्यांची खुर्ची पलीकडे मांडावी काय?

१० जानेवारी, शनिवार
उलटं सुलट करायला गेलो. आता उलटंही चालत नाही. हवेत दमटपणा फार.
साडूंचा फोन. इंजिनासाठी टीव्हीशेजारी जागा केलीय म्हणे. टीव्हीशेजारी! निश्चय: पहाटे पाचला उठणे.

११ जानेवारी, रविवार
साडेआठला उठलो. सासरे दहाला हजर.
त्यांनी शाफ्टवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हळूच विचारलं, माझी खूण कुठे गेली?
बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला पंप मारायला लावलं, स्वतः कान इंजिनाला लावला. एक फुसकारा मोठा येतोय, एक बारीक, असं म्हणाले. थोडं मागे, अजून एक केस, असं ते सांगत गेले आणि बायको चकती फिरवत गेली. आणि इंजिन धावायला लागलं. एकसारखं, डौलात, दोन्ही बाजूंनी सुलट! सासऱ्यांचे डोळे मिटलेले, चेहरा लहान मुलासारखा. मला मनापासून लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?
मग त्यांनी कानस मागितली आणि लेकीकडून शाफ्टवर नवी खूण करून घेतली.
इंजिन इथेच राहणार. जिंकलो! फक्त ते तिचं आहे, माझ्याकडे पंपाचं खातं.
जाताना सासऱ्यांनी घरातला सगळा पॉलिश पेपर मागून घेतला. साडूंकडे ठेवायला देणार आहेत. ते जबाबदार आहेत म्हणे.