कोपरा फाडलेलं कार्ड

प्रिय वहिनी,

"पाणी तापलं, शालूबाई. आंघोळ करून घ्या."

तुझ्या या वाक्याला आठ वर्षं झाली. तू आवाज चढवला नव्हतास, रडलीही नव्हतीस. रोज म्हणायचीस तसंच म्हणालीस. पण त्या सकाळी बंबात काय जळत होतं ते तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मीच तर घातलं होतं.

आज लिहायला बसले त्याला कारण एक पोस्टकार्ड आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दादानं पत्त्यांची वही आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तूच लिही शालू. माह्या हातानं नाई होत." मी लिहीत गेले. 'आमच्या सौ. विमल यांस काल सकाळी देवाज्ञा झाली.' खाली तेरवीचा दिवस. एकेक कार्ड लिहून झालं की त्याचा कोपरा फाडायचा, म्हणजे हातात पडताच घेणाऱ्याला कळतं की बातमी वाईट आहे. वाचून झालं की त्यानं ते लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पण हे मी तुला कशाला सांगते आहे? तुझ्याइतकी असली कार्डं या मोहल्ल्यात कोणी वाचली?

आज दुपारी पोस्टमन आला. दादा कार्ड घेऊन माझ्याकडे आला.

"हे पाह्य. पत्ता पाह्य."

अक्षर माझं. कोपरा मीच फाडलेला. आणि पत्ता? सौ. विमलवहिनी, लकडगंज, नागपूर. वर्ध्याहून आठ वर्षं दर रविवारी हाच पत्ता लिहिला, हात आपोआप गेला असणार. तुझ्या मरणाची बातमी मी तुलाच कळवली, वहिनी!

"पोस्टमननं इचारलं, बाई हायेत का घरी," दादा म्हणाला. "मी हो म्हणून देल्लं."

ते कार्ड माझ्यासमोर आहे. ते तुझ्या नावाचं, तेव्हा वाचायचं तू आणि फाडायचंही तू. मी आता काय करू?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी वीस वर्षांची होते. काटोलकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, आणि आईला एका दमात पोथी वाचून दाखवणारी सून! आठ दिवसांत मोहल्ल्यात बातमी पसरली की या घरच्या नव्या सुनेला वाचता येतं. मग बाया आपापली पत्रं घेऊन ओसरीवर यायला लागल्या. खुशालीचं पत्र त्या कोणाकडूनही वाचून घ्यायच्या. कोपरा फाडलेलं मात्र तुझ्याकडेच आणायच्या. तुझा आवाज तेव्हा कसा व्हायचा ते मला आजही ऐकू येतं. सपाट, हळू, एकही शब्द न गाळता. वाचून झालं की तूच ते फाडायचीस आणि तुकडे तिथंच राहायचे. ते घरी घेऊन कोण जाईल?

समोरच्या पार्वताबाईनं एकदा तुला हटकलं होतं. "टाकून दे ना वं ते, काहून हातात धरून बसली?"

"फाडा म्हणते लोक, फाडते मी," तू म्हणालीस. "टाकू कोठी? मानसाचं नाव हाये त्याच्यावर."

मी आत शाळेच्या वह्या तपासत होते. ऐकलं आणि पुढची वही उघडली. का नाही थांबले मी तिथं?

तुझं काम दुपारचं. जेवणं उरकली, आई लवंडली, की तू सागाची ती फळी जमिनीवर टाकायचीस. खळ कणकेची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. संत्र्याच्या पेटीतला पातळ कागद, संक्रांतीनंतर झाडांवर अडकलेले पतंग, उदबत्तीचे पुडे, बसची तिकिटं, आणि तुकड्यांचा तो झाकणाचा डबा, ज्यात आम्ही कधी डोकावलो नाही. विकत घेतलेला कागद तुला चालत नसे. कातर तर घरात असून नसल्यासारखी. "कातरीनं कड मरते," म्हणायचीस. दोन बोटांत धरून तू हळूहळू कागद फाडायचीस आणि फाटल्या कडेला जी पांढरी लव सुटते, ती शेताच्या बांधावर पडलेल्या उन्हासारखी दिसायची. आम्ही त्याला 'वहिनीचं चिकटवणं' म्हणायचो. कोलाज हा शब्द फार नंतर आला, प्रदर्शनाच्या हॉलमधल्या माणसांनी आणला.

आणि तो पंखा! मे महिन्यात नागपुरात पंखा बंद! तुकडे उडतात म्हणून पंखा नको, खळ वाळत नाही म्हणून कूलर नको.

"लाव वं बाई तो पंखा, जीव चाल्ला माहा!" आई पलंगावरून ओरडायची.

"लावते जी. हे एक झाड उभं राहू द्या."

"झाड उभं राहीन अन् मी आडवी होईन!"

तू हसायचीस, पण झाड उभं झाल्याशिवाय बटण दाबायची नाहीस. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून कपाळाला पदर बांधलेली तू. आम्ही त्याची किती थट्टा केली!

सासरी मधुकर गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. साधी कावीळ. सासऱ्यांनी इथं कार्ड टाकलं आणि तेही तूच वाचलंस. दादा मला घ्यायला आला, मी परत या घरात आले, पुन्हा शाळेत शिकवू लागले. तू मला काही विचारलं नाहीस. माझं पांघरूण तुझ्या खोलीत हलवलंस आणि रोज सकाळी माझ्यासाठी बंब पेटवलास, लाकूड कापायच्या आरामशिनीवरून आणलेल्या भुशानं आणि ढलप्यांनी. नऊ वर्षं. नऊ वर्षं माझ्या आंघोळीचं पाणी तू तापवलंस.

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई एकदा घरी आल्या आणि तुझी फळी बघून जमिनीवरच बसल्या. त्यांनीच तुझी चित्रं सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये लावली. काटोलची शेतं, विहीर, ज्वारीची कणसं, सगळं त्या मातकट बदामी रंगातून उगवलेलं. एका गृहस्थानं तुला विचारलं, "हा रंग आणता कुठून?"

"पोस्टातून येते जी," तू म्हणालीस. सगळे हसले. मीही हसले.

बाई म्हणाल्या, "खाली सही करा." तू मान हलवलीस. "नाई जी. आतमधी इतक्या जनाची नावं हायेत, माहं कोठी टाकू?" आम्हाला वाटलं, लाजते आहे.

प्रदर्शनातलं एक चित्र दादानं काच लावून बैठकीत टांगलं. दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी, मी त्या काचेवरची धूळ पुसत होते. शेताच्या बांधावर अक्षरं दिसली. तू कार्ड भिजवून त्याचे पदर सोडवायचीस तेव्हा शाई पसरायची आणि तीच तुझी संध्याकाळ व्हायची. पण सासऱ्यांनी बॉलपेननं लिहिलं होतं. ते पसरलं नव्हतं.

'चि. मधुकर यांस का'. एवढंच. तिथं कागद फाटला होता.

मी काय बोलले ते तुला आठवतच असेल. "माझा नवरा शेतात चिकटवलास तू? येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला?" आई धावत आली. तिला कळलं तशी ती ओरडली, "घरात सुतक जमा करून ठेवलं होतं वं तू? डब्यात?" तू म्हणालीस, "शालूबाई, आयका तर..." आणि मी म्हणाले, "तोंड उघडू नकोस!"

डबा आईनं काढला नाही, दादानं नाही. मी काढला. भिंतीवरचं चित्र उतरवलं, काच फोडली, ट्रंकेमागची सगळी चित्रं ओढून अंगणात नेली आणि बंबात घातली. खळीनं जड झालेला कागद पटकन जळत नाही गं. फुंकावं लागलं. मोरचुदानं ज्वाळा हिरव्या झाल्या होत्या. तू पायरीवर उभी होतीस. माझ्या हातून एक तुकडा खाली पडला तो तू उचललास, पाहिलास आणि माझ्या हातात दिलास. तो कोणाचा होता? मी बघितलंही नाही.

मग तू बंबाची तोटी सोडून बादली भरलीस. आणि ते वाक्य.

वहिनी, मी केली आंघोळ त्या पाण्यानं. आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मधुकरांच्या हातचं पत्र माझ्याकडे नाही. एक फोटो होता, तो सासरी राहिला. त्यांचं नाव जगात एकाच जागी जपून ठेवलेलं होतं, तुझ्या त्या बांधावर, आणि ते मी जाळलं. तुला समजायला एक निमिष लागलं असेल, मला दोन वर्षं लागली. तोवर मी वर्ध्याला बदली मागून घेतली होती. पळूनच गेले म्हण.

तू का नाही सांगितलंस मला? चित्र घरात टांगलं त्या दिवशी हाताला धरून नेलं असतंस तर! 'शालूबाई, हे पाहा, हे इथं हायेत' इतकं म्हणायला काय झालं होतं? का तू वाट बघत होतीस, की मी कधीतरी आपण होऊन जवळ जाईन आणि बघेन? नऊ वर्षं मी त्या फळीशेजारून जात होते. वाकून मी कधी पाहिलंच नाही.

त्यानंतर कोणी कार्ड घेऊन आलं की तू म्हणायचीस, "डोळे गेले माहे. दुसऱ्यापासून वाचून घ्या." पार्वताबाईनं काल मला हे सांगितलं. म्हणाली, "डोळे कायचे गेले होते वं! तांदळातला खडा तिले ओसरीवरून दिसे." फळीवर तू पापड लाटायला लागलीस. मी दिवाळीत यायचे, ते पापड खायचे आणि परत जायचे. एकदाही विचारलं नाही की आता दुपारी काय करतेस. दुपारी घरभर पंखा फिरत असायचा, वहिनी. आईलासुद्धा त्याचा आवाज सहन होत नसे. तिच्या शेवटच्या वर्षी ती म्हणाली होती, "बंद कर वं ते, विमल. बस जराशी कागद घेऊन." तू ऐकलं न ऐकलंसं केलंस.

आणि मी दर रविवारी कार्ड लिहीत होते! ऊन फार आहे. आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? यंदा संत्री आंबट. आठ वर्षांत एका कार्डावर दोन ओळी लिहिता आल्या नाहीत मला. लिहिलेल्या फाडल्या मात्र पुष्कळ वेळा.

परवा तुझी ट्रंक उघडली. लुगड्यांखाली माझी सगळी कार्डं होती, सुतळीनं बांधलेली. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. आणि त्यांच्याखाली एक चित्र, जे माझ्या हाती त्या दिवशी लागलं नव्हतं. संत्र्याची सहा झाडं उभी आहेत, आभाळ भरलेलं आहे, पाखरंसुद्धा आहेत. खाली जमीन नाही. पेन्सिलची एक रेघ आणि खाली कोरा पुठ्ठा. झाडं आठ वर्षं तशीच अधांतरी आहेत.

बदामी कागद तुझ्या हाताशी होता की! गठ्ठाच होता. पण तू माझं एकही कार्ड फाडलं नाहीस. जिवंत माणसाचं पत्र तू कधी फाडलंच नाहीस. त्या गठ्ठ्यावर हात ठेवून मी बसले होते. दादा चहा घेऊन आला आणि कप ठेवून गेला.

माफी मागायला आता कोणी नाही. मागितली असती तर तू म्हणाली असतीस, "जाऊ द्या, शालूबाई." आणि ते ऐकायलाच मी आठ वर्षं घाबरत होते.

म्हणून एक वचन देते. तेरवीनंतर मी वर्ध्याला जाणार नाही, इथंच राहीन. मोहल्ल्यात अजून पार्वताबाई आहे, तिच्यासारख्या दोघी-तिघी आहेत. कोपरा फाडलेलं कार्ड घेऊन कोणी आलं तर मी वाचून देईन, सपाट आवाजात, एकही शब्द न गाळता. वाचल्यावर फाडीन. टाकणार मात्र नाही. डबा मी आजच धुऊन उन्हात ठेवला आहे.

आणि एक मागणं आहे. हे आज आलेलं कार्ड मला फाडायचं आहे. कातर घेणार नाही. भिजवून पदर सोडवीन, पंखा बंद ठेवीन, खळीत मोरचूद घालीन. आणि 'सौ. विमल यांस का' एवढा तुकडा त्या झाडांखाली, पेन्सिलच्या रेघेच्या आत लावीन. त्या जमिनीतला पहिला तुकडा.

तुझ्या चित्राला तू कधी कोणाचं बोट लागू दिलं नाहीस. स्वतःचं नाव तर कधीच येऊ दिलं नाहीस. आणि हा हात त्या सकाळचाच आहे. तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे.

तरी विचारते. लावू का वं?

तुझी,
शालूबाई