फिल्म उघडी आहे

४ ऑगस्ट १९९७

आलो एकदाचा! रेडिओलॉजीला रुजू झालो. शिरोळहून निघताना अव्वानं विचारलं, फोटो काढणारा डॉक्टर म्हणजे लग्नातला काय रं? आमच्या बॅचमधले सगळे सर्जरी नाहीतर मेडिसिनच्या मागे. आमची शाखा म्हणजे पेशंटला भिणाऱ्यांची, असा त्यांचा समज. माझा रूममेट सोमेश सर्जरीला लागलाय, तो तर मला 'अंधारातला कोंबडा' म्हणतो. हसू देत लेकाचे. मला रक्त नको, रडारड नको, नातेवाइकांची दांडगाई नको. कुणाचं तोंड बघायला नको, हेच तर मला हवं होतं. खोली गार, खुर्ची फिरती आणि इथल्या जुन्या मदतनिसाच्या, आकारामच्या हातचा चहा. आणखी काय पाहिजे?

७ ऑगस्ट

आकारामनं डार्करूम दाखवली. फिल्म अजून हातानंच धुतात. टाकीत बुडवायची आणि लाल दिव्यात वर धरून बघायची. नियम एकच. बाहेरच्यानं दार वाजवायचं, आतल्यानं म्हणायचं, 'थांबा, फिल्म उघडी आहे.' आवाज आला की थांबायचंच. उजेड लागला की फिल्म काळी आणि पेशंटला पुन्हा एक्स-रे.

आज सोमेश तसाच आत घुसला. जयसिंगपूरच्या एका आजीची फिल्म वाया गेली. सगळ्यांसमोर मी त्याची बिनपाण्यानं केली. बिचारा कान धरून म्हणाला, इथनं पुढं तू आतनं आवाज दिलास तर दिवसभर हुबा ऱ्हातो की!

१२ ऑगस्ट

सकाळी दार वाजवलं. आतून उत्तर आलं. आकाराम असेल म्हणून निमूट थांबलो. बऱ्याच वेळानं आकाराम चहा घेऊन जिन्यावरून वर आला. दार ढकललं, तर आत कुणीच नाही.

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, तुमच्या आधीचं धैर्यशील डॉक्टर हायती ते. त्यास्नीबी माणसं नको वाटायची. एक दिस आत गेलं ते भाईर आलंच न्हाईत. घरच्यास्नी वाटतंय पळून गेलं. मी हसलो.

१८ ऑगस्ट

कोरी फिल्म सहज धुऊन पाहिली. पंजा उमटला. पाची बोटांची हाडं, आतून दारावर दाबल्यासारखी सपाट. आकारामनं बघितली आणि हात जोडले. शाखा बदला म्हणाला, आजच्या आज.

२० ऑगस्ट

आत गेलो की शेजारी कुणीतरी श्वास घेतं. आज कुजबुजलं – इथं बरं आहे, कुणाचं तोंड बघायला नको. माझंच वाक्य. मी ते कुणाशी बोललो नव्हतो, फक्त इथं लिहिलं होतं.

मला भीती वाटते. ही शाखा सोडणार. मेडिसिन, बालरोग, काहीही चालेल. उद्या दुपारी सोमेश न्यायला येतोय. दोघं जाऊन सरांना अर्ज देऊ.

२१ ऑगस्ट

आकाराम रजेवर. एकच फिल्म उरली होती, म्हणून आत आलो – आतून दार उघडत नाही.

लाल दिव्यात लिहितोय. फिल्म केव्हाच धुऊन झाली. उघडं काही नाही.

शेजारी श्वास –

रक्त चालेल. रडारड चालेल. कुणाचं तरी तोंड दिसू दे.

दार वाजलं. सोमेश!

दार फोड म्हणून ओरडलो. तोंडातून निघालं – थांबा, फिल्म उघडी आहे.

पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच.

बाहेरून म्हणतोय, व्हय व्हय, हुबा हाय, सावकाश होऊ दे.

दिवा बारीक होतोय – अरे, आज नको ऐकूस माझं – मोड तो नियम – सोमेश, दार ढक –