सीमेची थप्पड

१२ ऑक्टोबर १८९९, गुरुवार
व्हेर्नोलाक गावाचा इतिहास लिहायचा, नकाशासकट. शाळा तपासणाऱ्या साहेबांचा हुकूम. त्यांना पसंत पडला तर माझी शाळेतली नोकरी कायम. मेयर फोशे लगेच सांगायलाच बसले, "लिहा बाई, चेस्टनटचं रान पहिल्यापासून आपलं. शेजारचे कुर्झॅकवाले चोर."
"पुरावा?"
"मी सांगतोय की."
माझे वडील जंगलात कोळसा पाडतात. घरात लिहिता येणारी मी पहिली. सहीसुद्धा दोनदा तपासते. पुराव्याशिवाय कसं लिहू?

१५ ऑक्टोबर
सीमेचा दगड कधीच गेला. कुणाच्या तरी डुकरांच्या गोठ्याच्या भिंतीत असणार. पण पूर्वी बाप पोरांना त्या दगडापाशी नेऊन सणसणीत थप्पड देत. जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून! ती खाल्लेले आता एकटे आन्सेल्मबाबा उरलेत. म्हणजे आमचा पुरावा एका म्हाताऱ्याच्या गालावर.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
शाळेला सुट्टी. मेयर आणि मी आन्सेल्मबाबांना घेऊन सीमेकडे निघालो. मेयरांनी त्यांना निघतानाच दोन पेले वाइन पाजली, वाटेत तिसरा. बाबा ओढ्यापाशी थांबले, गालाला हात लावला — "इथं."
रान अजून पुढेच होतं. म्हणजे सगळं कुर्झॅकचं.
"नीट आठव म्हाताऱ्या. थोडं पुढं असेल."
"गाल माझा का तुझा, फोशे?"
परतताना मेयर माझ्याशी गोड बोलले. "साहेब माझ्याकडेच जेवतात, बाई. तुमचा विषय निघेलच."
रात्री जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर
वर्गात निम्म्या पोरांचे गाल लाल. ओदिलला विचारलं.
"मेयरकाकांनी मारलं, बाई. रानाच्या पलीकडं नेऊन. वर बिस्किट दिलं."
"कशाबद्दल मारलं?"
"पुढं कुणी विचारलं तर सांगायला."
ओदिलच्या भावानं बिस्किटासाठी दोन खाल्ल्या.

२४ ऑक्टोबर
लिहिते — खोडते. खोटं लिहिलं तर नोकरी कायम. खरं लिहिलं तर पुन्हा कोळशाच्या भट्टीपाशी. वडील रागावणार नाहीत, तेच वाईट.

२६ ऑक्टोबर
खरं तेच लिहिलं. सीमा ओढ्यापाशी, रान कुर्झॅकचं. पाकीट टपालात टाकलं.
मग वाटलं, बाबांच्या मागं हे कोण सांगणार? मेयरांची तर अख्खी शाळा तयार आहे. बाबांना ओढ्यावर नेलं. म्हटलं, "मला मारा."
"बाईमाणसाला? शाळेच्या बाईंना?"
"इतिहास आहे, बाबा."
त्यांनी टोपी काढली, माफी मागितली आणि दिली ठेवून! ऐंशीच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. रडू आलं, पण बरं वाटलं. आता मीही या गावची.

२७ ऑक्टोबर
सकाळी आन्सेल्मबाबा शाळेच्या दारात, टोपी हातात.
"बाई, रात्रभर डोळा नाही. ओढ्यावरची थप्पड मी लाकडी बूट पाण्यात घालवला म्हणून होती. सीमेची रानापलीकडं खाल्ली. ती फारशी लागली नव्हती, म्हणून विसरलो."