एक्केचाळीस नंबरची गीर

बराकपूर,
१२ डिसेंबर

प्रिय मंदार,

तू कुरियरनं पाठवलेल्या घंटीविरुद्ध माझी रीतसर तक्रार नोंदवून घे. बाबांनी दार उघडलं की ती वाजावी, हा हेतू थोर आहे. पण ती दूधवाल्याला वाजते, पेपरवाल्याला वाजते, मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवली तरी तिचं ते वाढदिवसाचं इंग्रजी गाणं सुरू होतं. दिवसातून वीस वेळा या घरात कुणाचा तरी वाढदिवस असतो. फक्त बाबांनी ती एकदाही वाजवलेली नाही. दुर्गापूजेत ते भान हरपून घराबाहेर पडले आणि स्टेशनपर्यंत गेले होते. आता दाराकडे फिरकतही नाहीत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी नेहमी जिंकते, म्हणून पत्र.

जेवताना बाबा गाईंचे स्वभाव सांगायचे ते आठवतं? सरकारी पशुपैदास केंद्रात तीस वर्षं काढलेला माणूस, दुसरा विषयच नव्हता. संकरित जर्सी कुणी छत्री उघडली तरी दावं तोडते. साहिवाल सुस्त, पण परक्या हाताला पान्हा चोरते. थारपारकर अंगावर येते, पण आधी सांगून येते. आणि गीर म्हणजे कुणीही जवळ जावं, तिनं मान पुढे करावी. मग आमटी वाढून होईपर्यंत आपली वाटणी व्हायची. तू साहिवाल, मी थारपारकर, आणि स्वतः अर्थात गीर. त्या दाखल्यावर मी आजवर जगले. दर रविवारी पेपरात लोकांची सालटी काढते आणि कुणी दुखावलं की म्हणते, काय करू, जातच तशी.

पण त्यांची एक गोष्ट तू झोपून जायचास म्हणून तुला पुरती ठाऊक नसेल. एक्केचाळीस नंबरची गीर लाथा मारायला लागली. गीर आणि लाथ? सगळे म्हणाले, डोकं फिरलं, लिलावात काढा. बाबा चार दिवस गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून राहिले. गाय लाथ मारायची ती एकाच गवळ्याला. माणूस चांगला, पंधरा वर्षांचा जुना. घाईच्या एका सकाळी त्यानं तिची शेपटी पिरगाळली होती. “एक ही बार, साहब,” म्हणून रडला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या गोठ्यात पाठवलं. गाय तिथेच राहिली. नवा माणूस लांबूनच बोलत यायचा, मागून कधीच नाही, खांद्याच्या बाजूनं, रिकामे हात दाखवत. तीन महिन्यांनी तिनं मान पुढे केली. जुना गवळी मात्र भिंतीपलीकडे खाकरला तरी तिचे कान मागे जायचे.

बाबा आता बुजतात, मंदार. सांभाळायला ठेवलेली आया सेंटरची पूर्णिमादी “मेशोमशाय, भात खाबेन तो?” असं घरच्या काकांना विचारावं तसं विचारत येते, तिच्या हातून जेवतात. मी खोलीत गेले की भिंतीकडे सरकतात. मी सगळं त्यांनीच शिकवलेलं करते. आधी आवाज, मग खांद्याच्या बाजूनं, हातात त्यांची आवडती बंगाली मिठाई, संदेश. ते संदेशाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात.

सुमनआत्याला मी सांगितलं होतं की पूजेत तू त्यांना स्टेशनवरून मनगट धरून ओढत आणलंस, तेव्हापासून ते असे झाले. आत्याला सांगितलं म्हणजे नागपूर ते ठाणे सगळ्यांना सांगितलं. तू भांडला नाहीस. घंटी पाठवलीस. तुझी नूपुर म्हणाली, तू रात्री उठून बसतोस. तरी मी गप्प राहिले.

तू मनगट धरलंस हे खरं. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर तेच मनगट त्यांनी तुझ्या मांडीवर ठेवलं होतं, मी पाहिलं. तू पुण्याला परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी, लेख पाठवायला अर्धा तास उरला होता आणि बाबांनी कपातला चहा माझ्या लॅपटॉपवर ओतला. तुळशीला पाणी घालावं तसा, शांतपणे. मी त्यांच्या हातावर मारलं. एकदा नाही, दोनदा. त्यांनी माझ्याकडे बघत हात पाठीमागे नेले. अजून तुझा आवाज फोनवर आला की ते मान वर करतात. हेही मी तुझ्यापासून लपवलं.

तर तू ये. रजा काढ, दोन-तीन महिने तरी. त्यांना पुण्याला नेऊ नकोस, जागा बदलली की जास्त बिथरतील. गोठ्यातून मला हलव. मी कोलकात्यात बागबाजारला मैत्रिणीकडे, विनीताकडे खोली बघितली आहे, पूर्णिमादीला रोज फोन करीन, पण ती घराबाहेर पडल्यावरच. माझा आवाज त्यांच्या कानावर पडणार नाही. घंटी काढून ठेवली आहे. आणि काल सुमनआत्याला फोन करून सांगितलं की धरलं मंदारनं होतं, मारलं मी. आता ती ते सगळीकडे पोचवेल. पोचवू दे.

तुझीच,
ताई