लाल सील

३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. माझा आवाज ऐकून तू लगेच ओळखलं असतंस. या महिन्यात माझा पगार कापला. काम चुकलं म्हणून नव्हे, गिऱ्हाइकांनी मोबाइलवर माझ्या कामाला तारे कमी दिले म्हणून. गॅसच्या गीझरचा धूर बाहेर नेणारा पाइप तुंबला असेल, तर गीझर बंद करून लाल सील लावायचं, हे माझं काम. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पण ऐन थंडीत गरम पाणी तोडणाऱ्याला पाच तारे कोण देणार? परवा एका आजोबांनी मला दारात उभं करून एकच तारा दाबला, वर दाखवलाही. साहेब म्हणतात, गिऱ्हाईक नाराज म्हणजे काम वाईट. असा पगार कापता येतो का गं? भावजींच्या ओळखीच्या वकिलांना विचार.

गाल फुगवून बसलेला,
तुझा फुग्या

११ डिसेंबर

चि. फुग्यास,
अ. आ.

वकिलांचं म्हणणं, ठरलेला पगार ताऱ्यांवरून कापता येत नाही. वरचं बक्षीस रोखलं तर ती गोष्ट वेगळी. पण तू कशावर सही केली आहेस का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तू न वाचता सही करणारा आहेस हे मी सांगितलं नाही, घराण्याची अब्रू राखली. हे म्हणतात तक्रार कर. मला मात्र धास्ती वाटते, नोकरीच गेली तर पोरांचं काय?

तोवर जरा गोड बोलायला शीक. लहानपणी तुझा चेहरा बघून पाहुणे चहा न घेताच उठायचे. अधूनमधून कानाडोळा केलास तर काही आभाळ कोसळत नाही.

तुझ्यावर रागावून माया करणारी,
ताई

२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

सही केली होती. गणवेशाच्या मापाच्या कागदांबरोबर ‘पगार ताऱ्यांवर ठरेल’ असा कागदही पुढे सरकवला होता, आम्ही सगळ्यांनी उभ्याउभ्या सह्या ठोकल्या. तरीही तक्रार करता येईल का, ते वकिलांना विचार.

आणि तुझं ऐकलं. काल एका घरी पाइप अर्धा तुंबलेला होता, पण बाईंची मुलं आंघोळीला खोळंबली होती. मी सील खिशातच ठेवलं, हसलो, खिडकी उघडी ठेवायला सांगितलं आणि निघालो. पाचच्या पाच तारे. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. हल्ली आमच्यातल्या कुणाच्याच खिशातून सील बाहेर येत नाही, ताई. उद्या मी त्या घरी परत जाणार आहे. तारे गेले खड्ड्यात.

तुझा,
फुग्या

२९ डिसेंबर

चि. फुग्यास,
अ. आ.

गेलास ना परत? शहाणा माझा. आता आमची गंमत ऐक. स्वयंपाकघरातला गीझर कुरकुरत होता, म्हणून तुमच्याच कंपनीचा माणूस बोलावला. किती गोड! बूट बाहेर काढले, माझ्याशी मोठ्याने बोलला, सगळं उत्तम आहे म्हणाला आणि गेला. मी पाचही तारे दिले. म्हटलं, यालाही कुणी ताई असेल.

ज्योत आता छान पिवळीधमक दिसते. थंडी फार, म्हणून ह्यांनी खिडक्यांच्या फटींतही कागद कोंबलेत. सकाळपासून दोघांचंही डोकं जड असतं, हे तर आंघोळ झाली की पुन्हा आडवेच होतात. वय झालं, दुसरं काय. वकिलांकडे सोमवारी जाऊ.

तुझा पगार पुरा व्हावा म्हणून झुरणारी,
ताई

२ जानेवारी, बसमधून

ताई,

तुझं पत्र मिळालं तशी बस पकडली. ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसली की मी आधी घरातली माणसं बाहेर काढतो.

भावजींचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. अग्निशमनवाल्यांना पत्ता दिलाय, निघालो म्हणाले. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून हे लिहितोय. त्या माणसाला शिवी द्यावी म्हटलं, तर तीही तोंडातून निघत नाही. त्याने सील खिशातच का ठेवलं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

पोचलो की हे पत्र फाडून टाकीन. मग मला हवं तितकं बोल, माझ्या गालांची चेष्टा कर. ‘लोभ असावा’चं पुढे बघू. दार तेवढं तू उघड.

फुग्या