दादाचे बूट

श्रीरामपूर, शुक्रवार, १२ जानेवारी १९७३

दादा वारून दोन महिने झाले. आज त्याच्या प्रवासी बोटीवरचा सोबती ट्रंक घेऊन आला. बोटीवर जाताना दादानं बंदरात फिरायला म्हणून इथं शिवून घेतलेले बूट त्यात होते, तळ अगदी कोरे. प्रत्येक बंदराचं चित्राचं कार्ड पाठवायचा, मग बूट कोरे कसे?

आईनं विचारलं, "त्याला कोनतं बंदर लई आवडायचं?"

"मावशी, भटारखान्यातल्या लोकांना उतरू देतील ते बंदर चांगलं. तसं एकबी न्हाई लागलं. कार्डं बोटीवरच मिळायची."

म्हणजे कार्डांवर लिहिलेले ते बाजार, ती देवळं त्यानं मनानंच रचली? आणि मी आईला वाचून दाखवताना त्यात पदरची भर घालत होते.

त्याला पुरलं त्या एकाच बंदरात दादा उतरला, तोही चौघांच्या खांद्यावरून. बूट तेव्हाही ट्रंकेतच राहिले.